मोठ्या कामाची फोड कशी करावी? — वसई-गासच्या पाण्याकडून घेण्याजोगा धडा



सामुदायिक पाण्याची योजना काढायची म्हटली की गावात पहिला प्रश्न पैशाचा निघतो. कर्ज किती, अनुदान किती, भाग किती रुपयांचा? हे प्रश्न रास्तच आहेत. पण अनेक गावांतून अर्धवट पडलेल्या योजना पाहिल्या तर असे दिसते की, पैसा मंजूर होऊनही योजना बसल्या. नळ गाडला गेला, पण विजेची जोडणी आली नाही. मोटर आली, पण जॅकवेलचे काम पावसात अडकले. पाणी टाकीपर्यंत चढले, पण टाकीपासून शेतापर्यंतची पाइप कोणी टाकायची हे कागदावर लिहिलेलेच नव्हते. इकडे कर्जाचे व्याज सुरू झाले आणि तिकडे एप्रिल-मे महिन्यात ऊस उभा वाळला. दोष कुणाचा म्हणून विचारावे, तर जो तो म्हणतो, "माझं काम मी केलंय!" आणि गंमत अशी की, तो खोटेही बोलत नसतो.

असे का होते? काम मोठे होते, पण त्याची फोड केलेली नव्हती. मोठे काम लहान, मोजता येण्याजोग्या आणि कुणातरी एकाच्या हवाली करता येण्याजोग्या भागांत कसे वाटावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. यासाठी आपण समुद्रकाठच्या वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला असलेल्या गास गावाच्या परिसरात जाणार आहोत. ऊसवाल्याने तिकडे कशाला जायचे, असे कुणी म्हणेल. पण वसईचा पट्टाही जुना बागायतीचा आहे. केळी, पानवेल, भाजीपाला यांच्या जोडीने तिथे ऊसही होई, आणि एकोणिसाव्या शतकात खुद्द वसईच्या किल्ल्यात साखर काढण्याचा उद्योग करून पाहिला गेला होता. म्हणजे ते आपले लांबचे भाऊबंदच म्हणायचे.

आपल्या रोजच्या व्यवहारातली फोड

फोड ही नवी गोष्ट नाही. ऊसतोडणीचा कार्यक्रम म्हणजे दुसरे काय? "या हंगामात कार्यक्षेत्रातला सगळा ऊस गाळायचा" हे झाले एकूण काम. एवढ्यावर सोडून दिले तर पहिल्याच आठवड्यात गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागेल आणि पुढच्या आठवड्यात गव्हाण रिकामी पडेल. म्हणून कार्यक्षेत्राचे गट पाडतात. गटाची गावे, गावाचे प्लॉट. प्रत्येक प्लॉटची नोंद असते: सभासद कोण, क्षेत्र किती, जात कोणती, लागणीची तारीख काय, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू, की खोडवा. नोंदीवरून तोडीची तारीख ठरते, चिट निघते, टोळी फडात उतरते आणि ऊस काट्यावर येतो. काट्याची पावती हातात पडली की त्या प्लॉटपुरते काम संपले. त्यात वाद नाही.

इथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्लॉट इतका लहान आहे की त्याची जबाबदारी एका माणसावर टाकता येते. दुसरी, काम पुरे झाले की नाही हे काटा सांगतो, तोंडी सांगावे लागत नाही. तिसरी, सगळ्या प्लॉटांची बेरीज केली की गाळपाचा एकूण अंदाज निघतो. नोंद सुटलेला प्लॉट या बेरजेत येत नाही आणि हंगामाच्या शेवटी त्याच उसावरून भांडण होते.

या तीन गोष्टींतच सगळे शास्त्र आले. पाश्चात्य देशांत त्याला रीतसर रूप आले ते १९५७-५८ च्या सुमारास, अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात. हजारो कंत्राटदार, लाखो सुटे भाग आणि काम मात्र एक! पुढे १९६८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कामाची फोड कशी मांडावी याची प्रमाण पद्धतच ठरवून दिली. आज पूल, धरण, रेल्वे, कारखाना, कोणत्याही मोठ्या कामाचा पहिला कागद हाच असतो. आपण त्याला "फोडतक्ता" म्हणू.

कृती वेगळी, तयार भाग वेगळा

फोडतक्ता करताना बहुतेकांची पहिली चूक अशी होते की, ते काय काय करायचे याची यादी लिहितात: "खोदाई करणे, पाठपुरावा करणे, बैठका घेणे, भेटीगाठी घेणे." या झाल्या कृती. कृतीला शेवट नसतो. पाठपुरावा दहा वर्षे चालू शकतो, आणि चालतोही!

फोड करायची ती शेवटी पदरात काय पडणार याची. "वीज मंडळाकडे पाठपुरावा" असे न लिहिता "पंपघरावर चालू झालेली वीजजोडणी, मीटरसह" असे लिहावे. "मालकांशी बोलणी" असे न लिहिता "सर्व मालकांची सह्यांची संमतीपत्रे" असे लिहावे. पहिल्या प्रकारात किती काम झाले ते विचारले तर "चाललंय" एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या प्रकारात आहे किंवा नाही, एवढे दोनच जबाब. ज्याला हात लावता येतो, जे डोळ्यांनी दिसते किंवा कागदावर सहीनिशी असते, त्याला "तयार भाग" म्हणावे.

इतिहासातला दाखला : वसईची मोहीम

वसई म्हटले की चिमाजी अप्पा आठवल्याशिवाय राहत नाहीत. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टी घेतली. त्याच वर्षी वसईवर शिड्या लावून सरळ चढण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले. कारण उघड होते. किल्ल्याच्या बाजूंना खाडी, समुद्र आणि दलदल. खऱ्या अर्थाने जमिनीकडून भिडण्याजोगी बाजू उत्तरेचीच. वर बाहेरून समुद्रमार्गे मदत येणार. "वसई घेणे" हे एकच काम म्हणून अंगावर घेतले तर ते कुणाच्याही आवाक्यातले नव्हते.

१७३९ च्या मोहिमेत कामाची मांडणी निराळी दिसते. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडची केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी एकेक करून घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. दक्षिणेला वेसावे आणि खाडीपलीकडचे धारावी बेट हातात आले, म्हणजे खाडीच्या तोंडावर पकड बसली. त्याच काळात व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्याच्या मुलखावर चाल केली, त्यामुळे गोव्याहून वसईला कुमक पाठवणे अवघड झाले. एवढे सगळे झाल्यावर उत्तरेच्या तटापर्यंत मोर्चे पुढे सरकवून बुरुजाखाली सुरुंग भरले. मे महिन्याच्या मध्यास सुरुंग उडाले. काही वेळेवर उडाले, काही उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसे दगावली. तटाला खिंडार पडले, पोर्तुगीजांनी तहाची बोलणी लावली आणि त्याच महिन्यात किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. तहात पोर्तुगीजांना सन्मानाने निघून जाण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली.

या इतिहासातून आपल्या पाठापुरते काय घ्यायचे? माहीम पडले म्हणजे वसई पडली असे नव्हते. पण माहीम पडले की उत्तरेकडचा धोका कमी झाला. म्हणजे प्रत्येक भाग स्वतःपुरता पुरा होता आणि पुढच्या भागाला उपयोगी पडणारा होता. फोड चांगली की वाईट हे ओळखण्याची हीच खूण आहे. भाग असा पाडावा की, तो पुरा झाल्यावर पुढचे काम सोपे व्हावे. नुसते काम कापून वाटल्याने तसे होत नाही.

सूर्या योजना : टप्पा आणि हद्द

आता याच भागातले आजचे काम पाहू. वसई-विरार आणि मिरा-भाईंदर या वाढत्या शहरांसाठी पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीचे पाणी आणण्याची प्रादेशिक योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. एकूण पाणी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर. त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला.

हे काम फोडून पाहिले तर मोठे भाग असे पडतात: कवडास बंधाऱ्यातून पाणी उचलणे, सूर्यानगर येथे पाणी शुद्ध करणे, तिथून दक्षिणेकडे मोठी जलवाहिनी, वाटेत मेंढवणखिंड आणि तुंगारेश्वर येथील बोगदे, वसई-विरारसाठी काशिदकोपर येथे जलाशय आणि मिरा-भाईंदरसाठी चेने येथे जलाशय. नळाचे काम, डोंगर पोखरण्याचे काम आणि यंत्रांचे काम यांना लागणारे कसब वेगळे, धोके वेगळे, परवानग्या वेगळ्या. म्हणून ते भाग वेगळे.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट टप्प्याची. पहिला टप्पा वसई-विरारचा आणि दुसरा मिरा-भाईंदरचा, अशी विभागणी केली. त्यामुळे पुढच्या टप्प्याचे काम चालू असतानाही २०२३ च्या अखेरीस पहिल्या टप्प्याचे पाणी वसई-विरारला मिळू लागले. सगळे संपल्यावरच पाणी सोडायचे असे ठरवले असते तर पुढच्या टप्प्यातल्या अडचणींची वाट मागच्यांनी पाहिली असती. टप्पा पाडायचा तो असा की, त्याच्या शेवटी कुणाला तरी पाणी मिळाले पाहिजे. "पहिल्या वर्षी सगळे खड्डे, दुसऱ्या वर्षी सगळे नळ, तिसऱ्या वर्षी सगळे पंप" हा टप्पा नव्हे. यात दोन वर्षे पैसा खर्च होतो आणि थेंबही मिळत नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. प्राधिकरणाने पाणी आणायचे ते जलाशयापर्यंत. तिथून पुढे वस्तीवस्तीतल्या टाक्या, गल्लीतल्या वाहिन्या आणि घरचा नळ हे काम स्थानिक संस्थेचे. म्हणजे जलाशयात पाणी आले की एकाचे काम शंभर टक्के पुरे झाले, पण नळाखाली हंडा धरून बसलेल्या बाईच्या लेखी काहीच झालेले नसते. वसई तालुक्यात यापूर्वीची ६९ गावांची पाणीपुरवठा योजनाही वर्षानुवर्षे रेंगाळली आणि गावे वाट पाहत राहिली. दोन संस्थांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे नेहमी एक फट राहते. त्या फटीत काम पडले की ते कुणाचेच नसते. म्हणून फोडतक्त्यात जसे "आपण काय करणार" हे लिहायचे, तसेच "आपण काय करणार नाही आणि ते कोण करणार" हेही लिहून ठेवायचे. या एका ओळीने पुढची निम्मी भांडणे वाचतात.

गासचे बावखल : एक नमुना

सूर्याची योजना मोठी. आता गावाच्या हातातले काम घेऊ. गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली या पट्ट्यात वाडीतल्या गोड्या पाण्याच्या जुन्या खोदीव तळ्यांना "बावखल" म्हणतात. पावसाचे पाणी यात साठते आणि मुरते, त्यामुळे आसपासच्या विहिरींना पाणी राहते. समुद्र जवळ असल्याने इथे आणखी एक धोका असतो. गोड्या पाण्याचा उपसा फार झाला आणि भरणा कमी पडला की जमिनीखालून खारे पाणी आत सरकते. एकदा विहीर खारी झाली की बागायत गेली. पूर्वी या पाण्यावर रहाट फिरत. पुढे पंप आले, जमिनीला भाव आले, आणि बरीच बावखले गाळाने किंवा भरावाने बुजली. राहिलेली जपावीत म्हणून या भागातली माणसे अलीकडच्या काळात जागी झाली आहेत.

समजा, अशा एका गावाने एक बावखल पुन्हा जिवंत करायचे ठरवले. "बावखल साफ करणे" एवढेच लिहिले तर चार जेसीबी येतील, फोटो निघतील आणि दोन पावसाळ्यांत गाळ पुन्हा भरेल. त्याचा फोडतक्ता असा होईल:

१. जागा आणि हक्क
१.१ बावखलाचा मोजणी नकाशा आणि सातबारा उतारा
१.२ सर्व हिस्सेदारांची लेखी संमती
१.३ लागणाऱ्या परवानग्या, हातात आलेल्या

२. तळे
२.१ पाणी उपसून कोरडे केलेले तळ
२.२ ठरल्या खोलीपर्यंत गाळ काढलेले तळे (खोली चार ठिकाणी मोजलेली)
२.३ दगड-मातीने बांधलेल्या कडा आणि उतरायच्या पायऱ्या

३. गाळ
३.१ गाळ कुठल्या वाडीत किती टाकायचा याची यादी
३.२ त्या यादीप्रमाणे टाकलेला गाळ (रस्त्यावर ढीग शिल्लक नाही)

४. पाण्याची वाट
४.१ पावसाचे पाणी आत आणणारा पाट
४.२ जास्तीचे पाणी बाहेर काढणारी सांड
४.३ सांडपाणी आत येऊ नये म्हणून बंद केलेली तोंडे

५. पुढची राखण
५.१ उपशाचे नियम, बैठकीत मंजूर झालेले
५.२ राखणदार आणि त्याच्या खर्चाची तरतूद
५.३ विहिरींच्या पाण्याची उंची आणि खारटपणा लिहायची वही

या तक्त्यात काय नाही तेही लिहावे: शेजारचा रस्ता, दिवाबत्ती, बाग हे या कामात नाही. कुणाला करायचे असेल तर ते वेगळे काम म्हणून करावे.

आता नीट बघा. यंत्राने करायचे काम पाच भागांपैकी फक्त दोन-तीन भागांत आहे. पहिला आणि पाचवा भाग तर कागदाचे आणि माणसांचे. आणि नेमके तेच विसरले जातात! संमती नसेल तर काम मध्येच बंद पडते. राखण नसेल तर केलेले वाया जाते. गाळाचा तिसरा भाग वेगळा का काढला? कारण काढलेला गाळ टाकायला जागा नसली की डंपर थांबतो, डंपर थांबला की यंत्र थांबते, आणि यंत्राचे भाडे मात्र तासावर चालूच राहते.

शंभरातले शंभर

फोडतक्त्याचा मुख्य नियम असा: खालच्या भागांची बेरीज वरच्या कामाइतकी भरली पाहिजे, कमी नको आणि जास्तही नको. कमी भरली तर काहीतरी सुटले आहे. जास्त भरली तर कुणीतरी आपल्या सोयीचे काम आत घुसडले आहे.

हा नियम आता आपल्या कामाला लावून बघू. समजा, २४ सभासदांनी मिळून ६० एकरांसाठी नदीवरून उपसा आणि ठिबक अशी योजना काढली. मुख्य भाग असे पडतात: (१) संस्था, करार आणि पाणी परवाना, (२) जॅकवेल आणि पंपघर, (३) पंप आणि वीजजोडणी, (४) दाबनळी, (५) फिल्टर आणि खत सोडण्याची व्यवस्था, (६) मेन आणि सबमेन, (७) प्रत्येकाच्या शेतातली लॅटरल, (८) चालवण्याची व्यवस्था, म्हणजे पाळीपत्रक, पंपचालक, वीजबिलाची वर्गणी.

पुरवठादाराच्या दरपत्रकात यातले सहसा पाचवा, सहावा आणि सातवा भाग असतो. तेवढाच कागद समोर ठेवून सभासद म्हणतात, "योजना इतक्या लाखांची." तो आकडा योजनेचा नव्हे, साहित्याचा आहे. स्वतंत्र रोहित्र लागले तर त्याचा खर्च कुठे आहे? रस्ता ओलांडताना नळाला संरक्षण द्यायचे, ते कुठे आहे? नळ परक्याच्या बांधावरून जाणार, त्याची संमती आणि पिकाची भरपाई कुठे आहे? बेरीज शंभर भरते का, हे असे एकेक विचारून तपासावे. दरपत्रकावर सही करण्याआधी हे तपासायला एक संध्याकाळ पुरते. नंतर तपासायला गेले तर हंगाम जातो.

भाग किती लहान पाडावेत?

यालाही मर्यादा आहे. फार मोठा भाग ठेवला तर तो बिघडल्याचे उशिरा कळते. फार बारीक केला तर माणसे काम सोडून वह्याच भरत बसतात. "पाइप उचलणे, पाइप ठेवणे, पाइप जोडणे" अशी फोड कुणी करीत नाही. भाग बरोबर पडला की नाही यासाठी पुढचे प्रश्न विचारावेत:

एक, हा भाग एका माणसाच्या नावावर लिहिता येतो का? दोघांच्या नावावर असलेला भाग कुणाच्याच नावावर नसतो.
दोन, याला किती दिवस आणि किती पैसे लागतील ते अंदाजाने सांगता येते का? सांगता येत नसेल तर तो अजून फोडा.
तीन, हा पुरा झाला हे कशावरून ठरणार आणि ते कोण ठरवणार?
चार, पुढच्या बैठकीपर्यंत किंवा फार तर त्याच्या पुढच्या बैठकीपर्यंत हा संपेल का?

चारही प्रश्नांना उत्तर असेल तर भाग योग्य मापाचा आहे. तिथे फोड थांबवावी.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पैशाशी बांधावे. कंत्राटदाराला हप्ता द्यायचा तो दिवसांवर किंवा "ऐंशी टक्के झालंय" या बोलण्यावर नव्हे, तर पुऱ्या झालेल्या भागावर. दाबनळी टाकली हे पुरेसे नाही. दाब देऊन तपासली, गळती नाही, दोन सभासदांनी समक्ष पाहून सही केली, की तो भाग पुरा. तोवर त्याची किंमत शून्य धरावी. हा हिशेब कडक वाटेल, पण काट्यावर न आलेल्या उसाचे पैसे आपला कारखाना देतो का?

आधी काय, मागून काय

फोडतक्ता झाला म्हणजे वेळापत्रक झाले असे नाही. तक्ता सांगतो काय काय हवे. त्यानंतर कोणता भाग कशासाठी अडतो ते पाहायचे. आपल्या सहकारी साखर कारखानदारीचा आरंभच पाहा. प्रवरेचा कारखाना पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. १९४८ साली नोंदणी झाली आणि १९५०-५१ साली पहिला हंगाम निघाला. कोणत्याही कारखान्याच्या उभारणीत भागभांडवल, कर्ज, जमीन, यंत्रसामग्री आणि ऊस हे वेगवेगळे भाग असतात. यातला ऊस असा आहे की, यंत्रे आल्यावर लावून चालत नाही. आडसाली उसाला तयार व्हायला सोळा-अठरा महिने लागतात. म्हणजे धुराड्याच्या विटा रचल्या जात असतानाच शेतात बेणे पडलेले असावे लागते. सर्वांत जास्त वेळ घेणारा भाग कोणता ते आधी ओळखा आणि त्याला सर्वांत आधी हात घाला. पाणीयोजनेत तो भाग बहुधा खोदाई नसतो. परवाना, संमती आणि वीजजोडणी हे वेळ खाणारे भाग असतात. खोदाईचा नारळ पहिल्या दिवशी फुटतो कारण ती दिसते. कागदाला नारळ कोण फोडतो?

मध्येच बदल निघाला तर

काम चालू झाले की सूचना येतात. "एवढा नळ चाललाच आहे तर माझ्याही तुकड्याला एक फाटा द्या." एक फाटा दिला की दुसरा मागायला येतो, आणि शेवटच्या सभासदाच्या शेतात दाब पोहोचत नाही. नाही म्हणणे गावात अवघड जाते, हे खरे. म्हणून नाही म्हणण्याचे काम तक्त्यावर सोपवावे. मागणी आली की तक्ता काढायचा, नवा भाग त्यात लिहायचा, त्याचा खर्च आणि दिवस समोर मांडायचे आणि बैठकीने ठरवायचे. मंजूर झाले तर बेरीज बदलेल आणि वर्गणीही बदलेल. तोंडी बदल मात्र एकही घ्यायचा नाही. मग तो अध्यक्षांच्या भावकीतला असो की आणखी कुणाचा.

स्वाध्याय

ज्या सभासदांनी गटाने योजना काढायचे मनात आणले आहे, त्यांनी पुढील गोष्टी घरी कागदावर करून पाहाव्यात.

१. योजना पुरी झाली म्हणजे नेमके काय झाले, हे एका वाक्यात लिहा. "पाणी येणे" असे नको. "अमुक गटातल्या अमुक एकरांना मे महिन्यातही ठरल्या पाळीने पाणी" असे लिहा.
२. त्याचे सहा ते आठ मोठे भाग पाडा. त्यात कागदाचा एक आणि नंतर चालवण्याचा एक भाग आला आहे ना, ते बघा.
३. प्रत्येक भागाचे तयार भाग पाडा. प्रत्येकापुढे एकच नाव आणि पुरे झाल्याची खूण लिहा.
४. योजनेत काय नाही याच्या पाच ओळी लिहा.
५. हा कागद घरातल्या बाईमाणसांना आणि गड्याला वाचून दाखवा आणि विचारा, "यात काय राहिलं?" पाण्याची पाळी प्रत्यक्ष जे धरतात, त्यांना सुटलेली गोष्ट लवकर दिसते.

हा कागद गावच्या गट कार्यालयात आणल्यास शेतकी खात्यातील कर्मचाऱ्यांशी बसून त्यावर चर्चा करता येईल. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरावा. व्याज कर्जाची रक्कम उचलल्यापासून चढते आणि ऊस पाणी मिळाल्यावरच वाढतो. या दोहोंमधले दिवस जितके कमी करता येतील तितके करावेत. चांगल्या फोडीने ते दिवस कमी होतात.